नाकशेठचा होकार

गाडी कितीही मोठ्या माणसाची असो, नाकशेठनं "जाऊ द्या" म्हटल्याशिवाय ती शेडबाहेर पडत नसे. ही रीत थोरल्या मालकांनी घालून दिलेली. काम संपलं की चारी काचा वर करायच्या, नाकशेठनं मागच्या सीटवर बसून दार ओढून घ्यायचं आणि बाकीच्यांनी बाहेर गप उभं राहायचं. आत तो डोळे मिटून बसे. बाहेर गिऱ्हाईक घड्याळ बघे, मालक गिऱ्हाइकाकडे बघून ओशाळं हसत. मग दार उघडे. "जाऊ द्या" म्हणाला तर किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात. "राहू द्या" म्हणाला तर गाडी परत आत. मग समोरचा कितीही तणतणला तरी उपयोग नसे.

त्याला खरं नाव होतं. पण ते घ्यायला एक बहीणच उरली होती, आणि तीही "दादा" म्हणायची.

शेड म्हणजे पेट्रोल पंपामागची पत्र्याची लांबट जागा. तोंडाशी फवारेवाला, गाडी बाहेरून धुणं त्याच्याकडे. मधे शिवणवाल्या बाईंचं मशीन. उसवलेल्या, फाटलेल्या सीटा त्यांच्याकडे. आणि अगदी मागे, जिथे वारा आलाच तर वाट चुकून येई, तिथे डाग काढायच्या थिनरच्या डब्यांशेजारी नाकशेठचा कोपरा. लेदरच्या सीटा हे त्याचं खातं.

लोकांना लेदर म्हणजे श्रीमंती वाटते. नाकशेठ म्हणायचा, "कातडी आहे ती. मेली म्हणून काय झालं, तिला तहान लागते, ऊन लागतं. तुमच्या बुडाखाली दिवसभर घुसमटते ते वेगळंच." तो आधी व्हॅक्यूमचं चोचीसारखं तोंड शिवणीशिवणीतून फिरवी, कारण तिथली वाळू राहिली तर पुसताना तीच किसणीसारखी ओरबाडते. क्लीनर सीटवर कधी ओतायचा नाही. मऊ केसांच्या ब्रशवर घ्यायचा, फेस करायचा आणि हात गोल गोल फिरवायचा, तान्ह्या पोराची टाळू चोळावी तसा. मळ वर आला की ओलसर फडक्यानं टिपायचा. चामडं सुकलं की क्रीम, आणि शेवटी संरक्षक कोटिंग. ते नीट बसलं की चहाचा थेंब वरच टपोरा होऊन थांबतो, जीन्सचा निळा रंग चढत नाही. ज्या सीटांना बारीक भोकं असतात त्यांना मात्र तो वचकून असे. भोकातून आत गेलेलं वर येत नाही, फोममध्ये बसून आंबतं.

म्हणून नाक. गाडीत बसल्याबसल्या तो सांगे, इथे कुत्रं बसत होतं, तिथे मुलाला उलटी झालीय, आणि साहेब, सिगारेट सोडली म्हणताय ती सोडलेली नाही. साहेबांच्या बायकोसमोर सांगे. थोरले मालक कपाळावर हात मारून घेत. सुगंधी फवारे मारायला तो ठाम नकार देई. "वासावर वास मारायचा नाही. मेलेल्या उंदराला अत्तर लावून लग्नाला नेतात का?"

थोरले मालक गेले, धाकटे गादीवर आले. हे शेडमध्येच टायरवर उड्या मारत वाढलेले. नाकशेठला "काका" म्हणायचे. पण नजर जरा वेगळी. "काका, हल्ली मशीनं निघालीत," ते म्हणायचे, "गाडीत ठेवलं, बटण दाबलं, वास खलास. तुमचं नाक आहे म्हणून थांबलोय हां." हे ते हसून म्हणत, पण दर महिन्याला म्हणत.

आणि गेल्या थंडीत ते नाक गेलं.

गेलं ते सांगून गेलं नाही. एका सकाळी शिवणवाल्या बाई पदर नाकाला लावून मागे आल्या आणि ओरडल्या, "दादा, झाकण लावा की! डोळ्यांतून पाणी यायला लागलं माझ्या तिकडं बसून!" थिनरचा डबा त्याच्या गुडघ्याशी सताड उघडा होता. त्याला पत्ता नव्हता. तो म्हणाला, सर्दी झालीय. खरंच झाली होती. वाफ घेतली, काढा घेतला, सर्दी गेली. वास परत आला नाही.

तो डॉक्टरकडे गेला. डॉक्टरनं विचारलं, काम काय करता? मालकाची आणि या डॉक्टरची उठबस असेल तर, अशी शंका त्याच्या मनात आली आणि तो म्हणाला, "ड्रायव्हर आहे." डॉक्टरनं ड्रायव्हरच्या नाकात घालायचे थेंब दिले. वर्षानुवर्षं त्या कोपऱ्यात थिनर हुंगलेल्या माणसाला काय द्यायचं, ते डॉक्टरला सांगणार कोण? थेंब संपले, बाटली खिडकीत पडून राहिली.

टायरवाल्याच्या दुकानावर त्याची एक खोली होती. एक गाद्यांची वळकटी, एक शेगडी, एक खिडकी. लग्न व्हायचं राहून गेलं होतं आणि आता त्याबद्दल विचारणारेही थकले होते. भाजी करपली हे त्याला धूर डोळ्यांत गेला की कळे. जेवण म्हणजे गरम, खारट आणि चावायचं, एवढंच उरलं. पण त्याचं काही नाही, माणूस पोट भरतो. खरी भीती दुसरीच होती.

थंडीनंतर तो बहिणीकडे गेला होता. भाची अभ्यासाची वही घेऊन त्याच्या मांडीला टेकून बसली आणि जरा वेळानं म्हणाली, "मामा, तुमच्या शर्टाला कसला वास येतो?" बहिणीनं तिला "गप गं" केलं. बस्स. चांगला की वाईट, घामाचा की थिनरचा, काही कळलं नाही. विचारावं तर जगातल्या साऱ्या गाड्या हुंगणाऱ्या माणसानं आपलाच शर्ट दुसऱ्याला हुंगायला द्यायचा? तो चहा न घेता उठला. त्यानंतर फोनवर बहीण म्हणे, "दादा, ये ना रे एकदा." तो म्हणे, "गाड्या फार आहेत गं."

तेव्हापासून तो माणसांपासून हातभर लांब उभा राहू लागला. ज्याला वास येत नाही त्याला स्वतःचा तरी कुठून येणार? बसमध्ये कुणी शेजारून उठलं की हा आणखी खिडकीकडे सरके. शेडमध्ये दुपारी सगळे शिवणमशीनभोवती डबे उघडत, हा आपला डबा घेऊन मागे टायरच्या ढिगाकडे जाई. फवारेवाला म्हणाला, "शेठना शिंगं फुटली." बाई म्हणाल्या, "फुटू दे. आपल्याला टोचली नाहीत म्हणजे झालं." त्याला ते ऐकू गेलं. गर्विष्ठ म्हणतात तर म्हणू देत, त्यानं ठरवलं. दुसरं काही म्हणण्यापेक्षा बरं.

आणि "जाऊ द्या"? ते तसंच चालू होतं. तो आत बसे, दार लावी, डोळे मिटी. मग बोटांनी फोमची ओल चाचपडे, शिवणीवर अंगठा दाबून बघे, दार उघडताना बाहेरच्या माणसाची नाकपुडी हलते का ते बघे. जरा शंका आली की "राहू द्या". त्याचे "राहू द्या" वाढले तसे मालक कुरकुरू लागले. पण नाकशेठचं नाक म्हटल्यावर वाद कोण घालणार? कळलं तर काय होईल ते त्याला पक्कं ठाऊक होतं. मालक मशीन आणतील, आणि या शेडमध्ये, म्हणजे या जगात, आपलं काहीच काम उरणार नाही.

अशात ती गाडी आली.

घेऊन आली ती एक तरुण मुलगी, केस विंचरायलाही वेळ न मिळालेली. मागच्या सीटवर दुधाची पिशवी फुटली होती आणि गाडी तशीच बंद उन्हात राहिली होती. सीट भोकांची, फिकट रंगाची.

"माझ्या आईला दवाखान्यात न्यावं लागतं," ती म्हणाली. "औषधं अशी आहेत की तिला कुठलाच वास सहन होत नाही. फोडणी टाकली तरी ओकते. सीट दिसायला कशी का असेना, पण मला वास अजिबात नको."

"आमचे काका आहेत ना," मालकांनी नाकशेठकडे हात केला. "यांनी होकार दिला की डोळे झाकून बसवा आईंना."

नाकशेठनं मान हलवली आणि एक पाऊल मागे सरकला.

काम त्यानं मनापासून केलं, त्यात खोट नव्हती. बाईंनी शिवण उसवून कव्हर काढून दिलं. फोम त्यानं दूध खाणाऱ्या औषधानं धुतला, पिळला, पुन्हा धुतला आणि पंख्यापुढे उभा केला. दुपारनंतर वरून हात लावला तर कोरडा. फडकं दाबलं, फडकं कोरडं. बाई कव्हर चढवायला आल्या आणि वाकल्यावाकल्या थबकल्या.

"दादा, मला जरा आंबूस येतंय. इथं, खालच्या कोपऱ्यात."

"मशीनच्या तेलाचा असेल."

"तेल काय ओळखत नाही का मी? जरा बघा तरी."

तो वाकला. फोमला नाक लावलं. काही नाही. पत्र्याची भिंत हुंगावी तसं काही नाही. बाई त्याच्या तोंडाकडे बघत होत्या, आणि त्या इतक्या जवळ होत्या की त्याला धडकी भरली. माणूस घाबरला की भुंकतो, तसा तो भुंकला.

"नाक कुणाचं चालतं इथं? तुझं का माझं? शिव म्हटलं ना? शिव!"

बाईंनी कव्हर ओढून घेतलं. त्या दुपारी मशीनचा आवाज नेहमीपेक्षा मोठा येत होता. शिवून झालेली सीट त्यांनी त्याच्यापुढे ठेवली नाही, आदळली. नाकशेठनं पुसलं, क्रीम दिलं, वरून कोटिंगचा हात फिरवला. सीट अशी दिसत होती की बसायला संकोच वाटावा. आणि जे खाली आंबत होतं ते या कोटिंगनं झाकण लावावं तसं बंद झालं. पूर्वीचा नाकशेठ असता तर फोम एक रात्र आणखी ठेवला असता. पूर्वीचा नाकशेठ नव्हता.

काचा वर झाल्या. तो आत बसला. त्यानं वास घेतला नाही, वेळ जाऊ दिला आणि दार उघडलं. बाहेर ती मुलगी किल्लीसाठी हात अर्धा पुढे करून उभी होती. तिची नाकपुडी हलली नाही. नव्या क्रीमच्या वासाखाली अजून काही वर आलं नव्हतं.

"जाऊ द्या," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर ती गाडी परत आली. मुलगी उतरली आणि दार सताड उघडं टाकून उभी राहिली.

"बसा," ती मालकांना म्हणाली. "आत बसून दाखवा मला."

मालकांनी डोकं आत घातलं आणि लगेच काढलं. "शी!"

"माझी आई अर्ध्या रस्त्यात ओकली. रस्त्याच्या कडेला, लोकांसमोर, दगडावर बसवून ठेवावं लागलं तिला. दवाखान्याची वेळ गेली ती गेलीच. डोळे झाकून बसवा म्हणालात ना?"

मालकांनी इकडेतिकडे पाहिलं. राग कुणावर तरी काढायचाच होता आणि ज्याला काका म्हणायची सवय आहे त्याच्यावर तो आधी जात नाही. ते मशीनकडे वळले.

"बाई! फोम ओला असताना शिवलात तुम्ही?"

"मला सांगितल्यावर शिवलं."

"कुणी सांगितलं?"

बाईंनी एकदाच नाकशेठकडे पाहिलं. मग हातातल्या कात्रीकडे. 

"कुणी सांगितलं विचारतोय! घाई तुम्हाला असते. पाच वाजले की पर्स खांद्याला. उद्यापासून येऊ नका. दुसरी शिवणारी मिळते मला."

 नाकशेठला वाटलं, बाई बोलेल, आता बोलेल, माझं नाव घेईल. घेतलं असतं तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं. ती आपली मशीनवरचे दोरे गोळा करू लागली.

"मी सांगितलं," नाकशेठ म्हणाला.

"काका, तुम्ही तिची बाजू घेऊ नका. ओला असता तर तुमच्या नाकाला कळलं असतं."

"नाकाला कळत नाही."

"म्हणजे?"

"वास येत नाही मला. थंडीपासून. कशाचाच नाही."

फवारेवाल्याला वाटलं थट्टा. तो खो खो हसला, मग आपलं एकट्याचंच हसू ऐकून त्यानं मुकाट्यानं फवारा बंद केला.

मालक मागे गेले. थिनरचा डबा घेऊन आले, झाकण काढून नाकशेठच्या नाकाखाली धरला. "हा?"

"नाही."

खिशातली अत्तराची कुपी काढली. "हा?"

"नाही."

गाडीतल्या सीटवर दाबलेलं फडकं आणलं. "आणि हा?" ती मुलगी "अहो, पुरे" म्हणाली. नाकशेठनं तेही हुंगलं. तो कसा उभा होता ते बघवत नव्हतं. शाळेतल्या पोरासारखा, हात बाजूला, हनुवटी वर. "नाही," तो म्हणाला.

"म्हणजे इतके दिवस तू नुसता गाडीत बसून उठत होतास?"

"काका" गेलं, "तुम्ही"ही गेलं. एका वाक्यात दोन्ही गेलं. शेडमध्ये ते सगळ्यांनी ऐकलं.

"तुमचं काय ते नंतर बघा," मुलगी म्हणाली. "मला उद्या सकाळी गाडी हवी. वास नको. बस्स."

"आजच मशीन मागवतो भाड्यानं."

"मशीननं वरचा जाईल," नाकशेठ म्हणाला. "खाली कोपऱ्यात ओल आहे, तिथून उद्या परत येईल. कोटिंग काढून, उसवून, फोम नवा घालायला पाहिजे. तळाचा पत्राही धुवायला पाहिजे, दूध तिथपर्यंत गेलं असणार."

"आणि वास कोण घेणार? तू?"

"बाई घेतील. त्यांना काल आला होता. मी ऐकलं नाही."  मग त्याचा तो जुना चढा सूर कुठून तरी परत आला. "पण आधी तुमच्या टेबलामागचं कपाट उघडा."

"कपाटाचं काय आता?"

"मास्क आहेत त्यात. गालांशी दोन गाळण्या असलेले, थिनरसाठीचे. सरकारी तपासणीवाला येतो तेव्हा पिशवीसकट खुंटीला लागतात आणि तो गेला की परत कपाटात जातात. तपासणीवाल्याला इथं अर्धा तास नाक लागतं. हिला रोज लागणार आहे. माझं गेलं, ते गेलं. हिचं जाऊ द्यायचं नाही."

"अटी घालतोस? तू?"

बाईंनी गोळा केलेले दोरे परत मशीनवर ठेवले आणि हाताची घडी घालून बसल्या. "मग मशीनलाच हुंगायला सांगा," त्या म्हणाल्या. मुलगी दारात घड्याळ बघत उभी होती. मालकांनी दोघांकडे पाहिलं, किल्ल्यांचा जुडगा काढला आणि कपाट उघडलं. पिशव्या अजून कडक होत्या, फाडताना आवाज झाला.

संध्याकाळपर्यंत दोघं त्या सीटला भिडले. तो हात, त्या नाक.

"इथं?"

"हो. जास्त आहे. अजून खाली."

"आता?"

"कमी झालं. पण आहे."

"कसा येतो?"

"कसा म्हणजे?"

"सांग ना. कसा येतो?"

बाईंनी जरा विचार केला. "ओल्या पुठ्ठ्यासारखा. आणि त्यात लहान मुलाच्या दुपट्याचा. दूध ओघळून सुकतं ना मानेपाशी, तसा."

तो हात थांबवून ऐकत राहिला, परगावी राहणाऱ्या माणसानं घराकडची खबर ऐकावी तसा. मग म्हणाला, "नाव का नाही घेतलंस माझं? नोकरी गेली होती तुझी."

"काय घ्यायचं? सांगून कुणाला खरं वाटलं असतं? आणि तुमचं तुम्ही बोलाल असं वाटलं." सुई दाताखाली धरून त्या म्हणाल्या, "शिवाय आम्ही कोण तुमचे? जेवायला सुद्धा तिकडं टायरपाशी बसता."

"त्याचं कारण आहे."

"काय?"

प्रश्न जिभेवर आला होता. विचारायचा तो याच माणसाला, दुसरं कोण? पण उद्या पुन्हा हिच्याच शेजारी काम करायचं होतं, परवाही. ती "हो" म्हणाली तर रोज ते तोंड बघायचं. तो म्हणाला, "काही नाही. चिमटा दे." बाईंनी चिमटा दिला.

सकाळी आई स्वतःच आली. मुलीचा हात धरून रिक्षातून उतरली. डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला, मनगटं काटकीसारखी, डोळे मात्र भलतेच जागे. "मी बसून बघते," ती म्हणाली, "मग ठरवू." ती मागच्या सीटवर बसली, दार तिनंच ओढून घेतलं. सगळे बाहेर उभे राहिले. नाकशेठ पहिल्यांदाच बाहेर उभा होता. बाहेर उभं राहिलं की वेळ किती लांबतो, ते त्याला ठाऊक नव्हतं.

काच खाली झाली.

"बसवेल," आई म्हणाली.

मुलगी मालकांबरोबर आत टेबलाकडे गेली. बाई डोळे पुसल्यासारखं करून मशीनकडे वळल्या. गाडीपाशी नाकशेठ राहिला, नेहमीसारखा हातभर लांब.

"तुम्हीच का ते, वास न येणारे?"

"हो."

"काय मजा आहे बघा. मला दोन घरं पलीकडचं दूध उतू गेलेलं कळतं. देवाणघेवाण करता आली असती तर थोडं तुम्हाला दिलं असतं."

तो हसला. मग इकडेतिकडे बघून, आवाज खाली आणून म्हणाला, "एक विचारू? राग मानू नका. माझ्या अंगाला वास येतो का?"

तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. थट्टा करावीशी वाटली असावी, पण केली नाही. "तिकडून कसं सांगू? जवळ या. अजून. खिडकीशी या."

तो वाकला. तिनं डोळे मिटले. एवढ्या जवळ कुणी येऊन त्याला किती काळ लोटला होता.

"साबण," ती म्हणाली. "बाप रे, किती साबण! किती वेळा अंघोळ करता?"

"दोनदा. कधी तीनदा."

"आणि त्याखाली…" ती थांबली. "त्याखाली काही नाही. माणसाचा असतो तेवढा."

"थिनरचा नाही?"

"नाही हो." मग तिचा चेहरा बदलला. तिनं रुमालाचं टोक तोंडाशी धरलं आणि मान पलीकडे वळवली. "पण आता जरा मागे व्हा. तो साबण… मळमळायला लागलं मला."

तो झटकन मागे झाला. काच वर गेली. मुलगी किल्ली घेऊन आली, गाडी निघाली, पंपाच्या वळणावर दिसेनाशी झाली.

मालकांनी त्याला काढलं नाही. सीटांवर असा हात दुसरा मिळत नाही, हे त्यांनाही कळत होतं. पण "तू" गेलं ते परत "तुम्ही" झालं नाही. आता गाडी तयार झाली की आत बाई बसतात. त्यांचं "जाऊ द्या" इतकं हळू असतं की फवारेवाल्याला "काय?" म्हणून विचारावं लागतं. त्या वेळी नाकशेठ ब्रश धुवायला मागे जातो. त्याला आता नाकशेठ म्हणावं की नाही हे कुणालाच ठरवता येत नाही, म्हणून सगळे "अहो" म्हणतात. फवारेवाला तर नुसतं "ओ". बाई मास्क लावून शिवतात आणि मास्कमधून शिव्या घालतात, की यात गुदमरायला होतं. त्यानंही एक लावलाय. कशासाठी, असं मालकांनी विचारलं नाही.

सुटीच्या दिवशी बहिणीचा फोन आला. "दादा, ये ना." तो म्हणाला, "येतो." पलीकडे तिनं दोनदा "खरंच?" असं विचारलं.

नळाखाली बसून त्यानं एकदा साबण लावला आणि पाणी ओतलं. हात सवयीनं पुन्हा वडीकडे गेला. थांबला. दंड नाकाशी नेला, उगीचच. एकदा पुरे की दोनदा? आणि एकदा कमी पडला तर? बाईंनी चिमटा दिला तेव्हा विचारलं असतं तर आज माहीत असतं. त्यानं वडी ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली आणि अंग पुसलं. शर्ट धुतलेला घातला, तो धुतलेला आहे एवढं तरी नक्की माहीत होतं.

बसमध्ये तो सगळ्यात मागे, उघड्या खिडकीशी बसला. भाचीनं पुन्हा विचारलं तर यावेळी तिलाच विचारायचं, कसला गं, नीट सांग, असं त्यानं मनाशी दोनतीनदा घोकलं. स्टॉपवर माणसं चढत होती, उतरत होती. शेजारची जागा रिकामीच राहिली. बसच अर्धी रिकामी होती म्हणून, की आणखी कशामुळे, ते त्याला कळायला काही मार्ग नव्हता.